कुंभारीण आणि भिंगरी

ती. आईस,
लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. खोकला गेला म्हटलं तरी चालेल. तुझे गुडघे काय म्हणतात?

परवा फोनवर तू चिडून म्हणालीस, "कुंभारीण माशीची जात तुझी! पोटच्या पोरीला इथे ठेवलंस, खाऊ भरलास, दार लिंपलंस आणि उडालीस." लागलं गं मला.

मी कामाला आहे त्या धुलाईघराच्या खिडकीवर कुंभारीण आहे, तशी भिंगरी पाखरूही आहे. दोघी चिखलाचंच घर बांधतात. कुंभारीण आत अंडं घालते, पिल्लाच्या खाऊला अळ्या कोंबते, तोंड बुजवते आणि पुन्हा ढुंकूनही बघत नाही. भिंगरी पिल्लांना चोचीने भरवते. थंडीत लांब गेली तरी त्याच घरट्यावर परतते.

चिमीला मी पाठवलेला फ्रॉक आखूड झाला, हे ऐकून मात्र तुझं बोलणं मला पटलं. पिल्लू केवढं झालं, हे कुंभारिणीला कधीच कळत नाही.

चिमीचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने माप काढ. गुदगुल्या होऊन ती पाय ओढेल, तरी नीट काढ आणि धाड. चपला बोटभर वाढत्याच घेईन.

या वेळी पार्सल येणार नाही. रजा मागितली आहे. साहेब नाही म्हणाले तरी मी निघणार. चपला तिच्या पायात मीच घालणार.

तुझीच,
भिंगरी