बर्फावरून धावत येणारी

३ फेब्रुवारी
पडद्यावर सरदाराची तलवार नायिकेशी लग्न ठरलेल्या उमरावाच्या गळ्यातून आरपार गेली, पांढऱ्या बर्फावर लाल फवारा उडाला आणि ती झगा सावरत धावत आली — त्या क्षणी माझं ठरलं.

केवढा लांब सिनेमा! पण एकेक दृश्य भिंतीवर टांगावं असं. मेणबत्त्यांनी उजळलेले महाल, धुक्यातले घोडे. मामा थिएटरात मशीन चालवतो, म्हणून मला तिकीट पडत नाही. रोज दुपारी जाऊन बसतोय. बर्फावरची ती धाव, मग एकदम सरदाराशी लग्न. प्रेम करावं तर असं, रक्त सांडून.

आणि मी? वर्गातल्या माझ्या तिचं लग्न दातांच्या डॉक्टरशी ठरलं म्हणून कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलो. थू!

५ फेब्रुवारी
आई म्हणाली, ती पोरगी तुझ्याशी दोन वाक्यं बोलली असेल, त्यातलं एक 'जरा सरक' होतं. ताट भिरकावलं. भिंतीला डाग पडलाय.

८ फेब्रुवारी
केलं.

दवाखान्याच्या जिन्यात गाठला त्याला. सिनेमातल्यासारखं आधी आव्हान दिलं — तिच्यासाठी लढ. तो म्हणाला, "दात दुखतोय का? वर ये, बघतो." टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. तिथेच डोकं फिरलं. थोबाडात ठेवून दिली. चष्मा फुटला. पडला तरी थांबलो नाही. उजवा हात धरून लोखंडी कठड्यावर आपटला. परत आपटला. बोटं मोडली, ओली काटकी मोडावी तशी. सिनेमात अशा वेळी संगीत वाजतं. इथे तो ओकला.

वरून ती धावत आली. मी हात पसरले — खरंच पसरले!

मला खांद्याने ढकलून ती त्याच्याजवळ बसली. त्याचा पंजा ओढणीत धरला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "याच हाताने काम करतो रे तो."

९ फेब्रुवारी
मामापुढे भडकलो. म्हटलं, सिनेमावाले खोटारडे. तिथे ती सरदाराकडे धावते, आणि इथे?

मामा मशीन पुसता पुसता थांबला. "सरदाराकडे कुठे? ते रीळ दुपारी आम्ही लावतच नाही. एवढं लांबण दिवसाच्या चार खेळांत कसं बसवायचं? मालक म्हणाला, रडारड गाळ."

रिकाम्या थिएटरात त्याने ते रीळ लावून दाखवलं. ती सरदाराला ओलांडून जाते. मेलेल्याचा गळा दोन्ही हातांनी दाबून धरते, बोटांच्या फटींतून रक्त येतच राहतं. तेही दृश्य सुंदर आहे, हेच सहन होत नाही.

पुढे लग्नात ती मान खाली घालून उभी असते. मी लाज समजत होतो.

१० फेब्रुवारी
हवालदार येऊन गेला. डॉक्टरने जबाब दिलाय — जिन्यात पाय घसरला, कुणी मारलं नाही. सही डाव्या हाताने केली म्हणे. आई रडता रडता हसतेय. मामाने पाठ थोपटली, सुटलास रे भाच्या.

चौकीत जाऊन खरं सांगतोय. आईला कळलं तर आडवी येईल. वही इथेच ठेवतो. निघालो, दार ओढून घेतो.