बाबांचा फोन येण्याआधी

पवनी,
रविवार, दुपार

प्रिय मोनू,

विनोद हे पत्र देईल तेव्हा सोबत चिवड्याचा डबा आणि जवसाची चटणी असेल. डबा मैत्रिणींसमोर उघड, पत्र मात्र एकटी असताना वाच. फोन असताना आई पत्र कायले लिहून राहिली, असं तुला वाटेल. पण फोनवर मला तुझ्याशी बोलताच येत नाही गं. तुझा भाऊ, अनुप, फोन स्पीकरवर लावून मधोमध ठेवतो, एका बाजूला तुझे बाबा, दुसऱ्या बाजूला मी, आणि तू आम्हा सगळ्यांना मिळून 'इकडे शांत आहे' एवढंच सांगतेस. मी 'जेवलीस का' विचारते, तू 'हो' म्हणतेस. फोन ठेवला की कळतं, विचारायचं होतं ते सगळं राहूनच गेलं.

मला भीती वाटते, मोनू. साधी काळजी नाही ही, काळजीची तर सवय होते. गेल्या आठवड्यात कोंढ्याला जागेश्वरमामाकडे गेले होते. धानावर फवारणी चालली होती. मी चहाचा गंज घेऊन धानाच्या बांधीकडे निघाले. धुऱ्याच्या अरुंद बांधावर अर्ध्यात पोचले असेन, तोच डोक्यावर घूं असा आवाज आला. मान वर केली तर काळं, पसरट, पायांचं काहीतरी माझ्याकडेच सरकत येत होतं. पुढचं मला नीट आठवत नाही. मामी सांगते की मी गंज फेकला, चिखलात उतरले आणि दोन्ही हात मानेवर घेऊन धानात डोकं खुपसून बसले. फवारणीचं ड्रोन होतं ते. बचत गटातली एक मुलगी धुऱ्याच्या टोकाला उभी राहून चालवत होती. बाया पोट धरून हसल्या. 'अवं ताई, औषध मारून राहिली ते, उठा!' मीही हसले. पण घरी येऊन लुगड्याचा चिखल धुताना एकच मनात येत होतं. माझ्या डोक्यावर औषध होतं. तुझ्या डोक्यावर काय असतं?

तू गेलीस तेव्हा व्होरोनेझ हे नाव मला नीट म्हणताही येत नव्हतं. रशियन इतिहास शिकायला पवनीची पोरगी कशाला जाते, असं गल्लीतल्या सगळ्यांनी विचारून घेतलं. डॉक्टरकी शिकायला गेली असतीस तर कोणी विचारलं नसतं. पण पहिल्या हिवाळ्यात तू फोनवर त्या प्रोफेसरांची गोष्ट सांगायला लागलीस आणि आम्ही सगळे जेवायचं विसरून ऐकायचो. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी एस्टोनियातलं तार्तू गाव सोडून निघालेले ते विद्वान. आपलं विद्यापीठ उचलून त्यांनी आगगाडीत घातलं. पुस्तकं, काचेची उपकरणं, संग्रहालयातल्या इजिप्तच्या जुन्या वस्तू, आणि म्हातारे-कोतारे, बायका-पोरं. व्होरोनेझला उतरले तर ना सरपण, ना पुरतं अन्न, आणि तरी अंगात कोट ठेवून त्यांनी शिकवणं सुरू केलं. तुझ्या बाबांना सगळ्यांत नवल वाटलं ते इजिप्तच्या वस्तूंचं. 'पोट भराले नाही अन् हे मुडद्याचं सामान घेऊन आले?' असं ते म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी हातमागाच्या साड्या न्यायला आलेल्या व्यापाऱ्याला त्यांनी तीच गोष्ट सांगितली, आणि सांगताना 'आमच्या मोनिकाचं विद्यापीठ' म्हणाले.

मग तू दुसऱ्या महायुद्धाचं सांगितलंस. नदीच्या एका काठावर शत्रू, दुसऱ्या काठावर रशियाची माणसं, आणि मधल्या गावाची राख झालेली. संग्रहालयातलं जे नेता आलं ते दूर पूर्वेकडे नेलं, ग्रंथालयांतली कितीतरी पुस्तकं जळाली, लुटली गेली. लढाई संपल्यावर लोक परत आले आणि पडक्या भिंतींच्या आडोशाने शाळा भरवू लागले. तू हे सांगत होतीस तेव्हा तुझा आवाज मध्येच बारीक झाला होता. मला वाटलं, थंडी असेल. आता वाटतं, त्या जुन्या लढाईचं सांगता सांगता तू मला आजच्या, युक्रेनसोबतच्या लढाईचंच सांगत होतीस का?

तुझ्यासोबत शिकणारा विनोद सुट्टीत आलाय हे कळलं तेव्हा मी घरी खरं न सांगता एसटीने लाखांदूरला गेले. माझ्या वाचनालयासाठी पुस्तकं आणायला साकोलीला जाते, असं सांगून निघाले. (बघ, मीही खोटं बोलते.) त्याच्या आईने, रीनाताईंनी, आग्रहाने जेवू घातलं. विनोद माझ्याशी नेहमीसारखाच वागला, हसरा, काकू काकू करणारा. पण बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा फटाक्यासारखा आवाज झाला आणि ते पोरगं पानावरून उठून भिंतीला जाऊन चिकटलं. रीनाताई ताटात पाहत राहिल्या. त्यांना हे रोजचंच झालं असणार.

मग मी त्याला खोदून विचारलं. तो म्हणाला की भोंगा वाजतो, फोन ओरडतात, मग सगळे खाली जातात. एकदा वरच्या वर पाडलेलं एक लढाईचं ड्रोन जवळच पडलं आणि तुमच्या वसतिगृहाच्या एका बाजूच्या काचा आत आल्या. तू मला सांगितलं होतंस की खिडकीला नवे पडदे लावले. मी विचारलं, मोनू कुठं होती तेव्हा? त्याला वाटलं मला सगळं ठाऊक आहे. म्हणाला, 'मोनिका तं ग्रंथालयातच होती ना काकू. ते लोक जुनी पुस्तकं तळघरात उतरवून राहिलेत, तिथं जाते ते रोज. भोंगा वाजला तरी एक चक्कर अजून, एक चक्कर अजून, असं करते. आम्ही रागावतो तिच्यावर.' हे तो कौतुकाने सांगत होता, मोनू.

परतीच्या बसमध्ये मला तू दिसत होतीस. जिन्यावर, कवेत पुस्तकांचा गठ्ठा, आणि वर परत जाणारी तू. मी गावच्या वाचनालयात उभा जन्म काढला आहे. पुस्तक वाचवावंसं वाटतं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. नदीचं पाणी गावात शिरलं त्या वर्षी खालच्या कपाटांतली पुस्तकं आपण दोघींनीच माळ्यावर चढवली होती, आणि तू तेव्हा हसत होतीस. पण पाणी पायापासून वर येतं, गं. ते दिसतं. तुझ्याकडचं वरून येतं.

घरी आल्यावर मला खोटं टिकवता आलं नाही. तुझ्या बाबांनी माझं तोंड पाहिलं आणि सगळं काढून घेतलं. ते ओरडले नाहीत. कार्यालयासारखी टापटीप ठेवलेली त्यांची साड्यांची गादी तशीच उघडी टाकून मागच्या अंगणात जाऊन बसले. आता ते बातम्या पाहतात आणि आवाज बंद ठेवतात. तू त्यांना अजून तसेच समजतेस, ठणठणीत, थट्टा करणारे. नाहीत ते तसे. परवा माझ्याशी बोलताना मध्येच विचारलं, 'आपण तिले जाऊ काहून देल्लं?' आणि उत्तराची वाट न पाहता आत गेले.

दोन दिवसांनी त्यांनी मला जवळ बसवून त्यांचा विचार सांगितला. तेच तुला सांगायला मी बसले आहे, आणि एवढा वेळ इकडचं तिकडचं लिहीत राहिले. तुझी सप्टेंबरातली तोंडी परीक्षा होऊन जाऊ द्यायची, म्हणजे तुझं वर्ष वाया जाणार नाही. मग ते तुला फोन करतील आणि सांगतील की आईला अटॅक आला आहे, नागपूरला भरती केलं आहे, लगेच नीघ. अनुपलाही तेच पढवून ठेवलं आहे. एकदा इथं आलीस की परत जाऊ द्यायचं नाही. तुझ्या बाबांचे डोळे हे सांगताना भरले होते. मी मान हलवली. मला त्या क्षणी ते पटलंसुद्धा. तू दारात उभी आहेस, एवढंच मला दिसलं.

पण रात्रभर विचार करून मला काही आठवलं, जे मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही. तू लहानपणी विचारायचीस, आई तू ग्रंथालयाचा कोर्स अर्ध्यात काहून सोडला, आणि मी म्हणायचे, लग्न झालं म्हणून. गोंदिया वेगळा जिल्हा झाला ते वर्ष. मी नागपूरला वसतिगृहात होते, परीक्षा तोंडावर आली होती. माझा चुलतभाऊ परसरामदादा मला घ्यायला आला. म्हणाला, 'देवाजीकाका सीरियस हायेत, चाल.' अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. बसमध्ये मी बापासाठी इतकी रडले की शेजारच्या बाईने मला मांडीवर घेतलं. कोंढ्याला पोचले तर बाबा अंगणात खाटेवर बसून दाढी करत होते आणि मांडवाचे खांब उभे होते. माझी आई, तुझी आनंदाआजी, तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. तुझे बाबा भले निघाले, माझा संसार चांगला झाला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुढे खूप वर्षांनी माझे बाबा खरोखर आजारी पडले, निरोप आला, आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की आता यांना माझ्याकडून काय हवं आहे? मी भाकरी थापून झाल्यावर निघाले. पोचले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं.

म्हणून हे पत्र, मोनू. परीक्षेनंतर बाबांचा फोन आला तर घाबरू नकोस आणि त्यांच्यावर रागावूही नकोस, ते भीतीने असे झाले आहेत. मला काही झालेलं नाही. तू ये, असं मला रोज वाटतं, आत्ता लिहितानाही वाटतं, आणि तू विचारशील तर मी 'ये'च म्हणेन. पण आई मरायला टेकली म्हणून नको येऊस. आईला तुझ्यासाठी भीती वाटते, एवढं खरं कारण ऐकून यायचं तर ये. आणि राहायचं ठरवलंस तर भोंगा वाजल्यावर पुस्तकांच्या आधी स्वतः तळघरात जा. ती पुस्तकं जळाली तर मी त्यांच्यासाठी रडेन, पण जगेन. खोट्या निरोपावर नको म्हणते, कारण एक दिवस मी खरंच आजारी पडणार आहे, गं. तो फोन येईल, तेव्हा तू एका क्षणासाठीही शंका न घेता धावत निघावंस, एवढंच मला हवं आहे.

तुझीच, धडधाकट,
आई