बारक्याचं फिरणं

२ नोव्हेंबर
आले एकदाची दादाच्या घरी! चष्म्याच्या दुकानातली नवी नोकरी सोमवारपासून. दारातच बारक्याने स्वागत केलं, म्हणजे पुढचे दोन्ही पाय माझ्या खांद्यांवर ठेवून मला भिंतीला चिकटवलं. नाव छोटं आणि लक्षण मोठं! कुत्रा कसला, वासरूच ते. वहिनीने आणला तेव्हा ओंजळीत मावायचा, म्हणून बारक्या. वहिनी जाऊन तीन महिने होतील. तेव्हापासून दादा घराबाहेर पडलेला नाही आणि बारक्यालाही कुणी बाहेर नेलेलं नाही. सोफ्याची एक बाजू बारक्याने खाल्लीय, दादाने दाढी वाढवलीय, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसलेले असतात. म्हटलं, बरं झालं मी आले.

५ नोव्हेंबर
जनावरांच्या डॉक्टरांनी माझी शाळाच घेतली. एवढ्या थोराड कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरवायलाच हवं, नाहीतर तो घर खातो. पण पळवायचं नाही, सांधे जातात. सिमेंटवर कमी, मातीवर जास्त. तो बसला की आपणही बसायचं. आणि भरल्या पोटी अजिबात न्यायचं नाही, पोटाला पीळ पडतो आणि कुत्रा हातचा जातो. मी मान डोलावत होते. मनात म्हटलं, यापेक्षा जुळी पोरं परवडली.
संध्याकाळी निघालो. मी त्याला फिरवतेय की तो मला, हे बघणाऱ्याला कळलं नसतं. कोपऱ्यावरची बेकरीवाली म्हणाली, ताई, त्यापेक्षा खोगीर घालून वर बसाच की.

८ नोव्हेंबर
एक अडचण आहे. बारक्या तळ्याच्या बांधावर जाऊन बसतो आणि काही केल्या उठत नाही. वहिनी तिथेच पडली, चालता चालता, हृदय बंद पडून. तिने त्याला शिकवलं होतं, मी ‘चल आता, घरी’ म्हटल्याशिवाय मागे फिरायचं नाही. त्या दिवशी ते म्हणायच्या आतच ती गेली. चौघांनी त्याला ओढत घरी आणलं. आज मीही तळ्याच्या राखणदाराला मदतीला घेऊनच आणला.
दादाला सांगितलं तर तो रडायला लागला. म्हणाला, त्याचं त्या दिवसाचं फिरणं अजून संपलंच नाही गं. मग मीही रडले.

१० नोव्हेंबर
दादाने युक्ती काढली. त्याच्या फोनमध्ये एक जुना व्हिडिओ आहे, त्यात वहिनी बारक्याला हाक मारते. आज तो स्वतः बांधावर आला, किती दिवसांनी! फोन उंच धरून त्याने तो लावला. ‘चल आता, घरी.’ आवाज पार पाण्यापर्यंत गेला. बारक्या ताडकन उठला. पण आमच्याकडे न बघता पाण्याकडे बघून शेपूट हलवत राहिला. मग शहाण्यासारखा घरी निघाला.
वाटभर तो रस्त्याच्या कडेने चालला, माझ्यात आणि त्याच्यात एका माणसाची जागा सोडून. दारात थांबला. कुणीतरी आधी आत गेल्यावर शिरावं, तसा मागून शिरला. दादा हसत होता. मला मात्र हसू आलं नाही.

१४ नोव्हेंबर
सकाळी बारक्या धापा टाकत पडलेला. पायांना गुडघ्यापर्यंत ओला चिखल. दाराला आतून कडी होती. दादा म्हणाला, मी नाही नेला. त्याने दाढी केलीय, इस्त्रीचा शर्ट घातलाय. चहाचे तीन कप मांडले. मी विचारलं, तिसरा कुणाचा? तो नुसता लाजला.

१७ नोव्हेंबर
डॉक्टर माझ्यावर ओरडले. पंजांची कातडी सोलवटलीय, कोण एवढं चालवतंय याला?
दुपारी डोळ्यांनी पाहिलं. बारक्या जेवून आडवा झालेला. साखळी खुंटीवरून निघाली आणि त्याच्या पट्ट्यात अडकली. दुसरं टोक हवेत, कमरेच्या उंचीवर. तो कण्हत उठला. मी त्याला मिठी मारली, तर मीही त्याच्याबरोबर फरफटत उंबऱ्यापर्यंत गेले. दादा म्हणाला, जाऊ दे गं, तिला सवय आहे.
जिवंतपणी वहिनी त्याला भरल्या पोटी कधी बाहेर नेत नसे. दमणं काय, पोट काय, तिला आता काहीच आठवत नसावं.

१९ नोव्हेंबर
बारक्या गेला. पोटाला पीळ पडून, दादाच्या मांडीवर. शेवटपर्यंत दाराकडे बघत होता, घाबरून.
एवढं मोठं जनावर, पण मुंगीलाही कधी दुखावलं नाही त्याने.

२० नोव्हेंबर
दाराशी साखळी वाजतेय. मोकळीच. ती वाट बघतेय.

२१ नोव्हेंबर
सकाळी दादा घरात नव्हता. दुपारी आला. तळपाय रक्ताळलेले, साखळी मनगटाला गुंडाळलेली. म्हणाला, तिच्याबरोबर जायला कुणी नको का? मी पाया पडले त्याच्या. तो हसला — दमलेला, पण सुखी.

२३ नोव्हेंबर
दादाचे बूट लपवले. कुलूप घातलं. कुलपाचा उपयोग नाही. अनवाणीच गेला.
बांधावर जाऊन ओरडले — वहिनी, जा आता, जा! काही नाही. घरी बोलावलंय आपणच. जा कसं म्हणायचं —

२४ नोव्हेंबर
दादाला अंथरुणातून उठवत नाही. त्याचे डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता एक जिनाही चढायचा नाही.
चादरीखाली पाय मात्र चालताहेत. झोपेतसुद्धा —

२५ नोव्हेंबर, सकाळ
दादा झोपलाय. साखळी त्याच्या खाटेपर्यंत आली होती. मी आधी उचलली. माझ्या मनगटाला बांधली.
म्हटलं, वहिनी, तुझा नवरा आहे, पण माझा भाऊ आहे गं. त्याला झोपू दे. आज मी येते.
ताणली. गार आहे. उजव्या हाताला आहे, म्हणून डाव्याने —
दादा, उठलास की हे वाच. मागोमाग येऊ नकोस. मी परतले नाही तरी बांधावर जाऊन मला घरी बोलावू नकोस. कितीही आठवण आली तरी. मी आले तर माझ्याबरोबर ती —
ओढतेय. थांब गं, वहिनी, एवढं लिहू दे. दादा, औषध वेळेवर घे, आणि