काळा पडलेला छल्ला

प्रिय आई,

घाईघाईत लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं आलंय. तू नावं ठेवशीलच. आज तुझा तो अंगठ्याएवढा कॅमेरा उघडला आणि मी हबकलेच! कुणाला सांगू? तुलाच सांगते.

आठवतो ना? महाडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागले, तेव्हा पहिल्या पगारातून तुला आणला होता. तू तो घराच्या किल्लीबरोबर कमरेच्या चांदीच्या छल्ल्याला अडकवलास. "येवढासा फोटो काडतो? चल, खोटारडी!" म्हणालीस आणि आपल्या तुडील गावभर दाखवत फिरलीस. मग एक दिवस तो बंद पडला. मी विचारलं, "पाण्यात पाडलास का?"

"मी काय नाय केलं गो. आपसूकच मेला."

सगळी गिऱ्हाइकं हेच बोलतात, आई! मी हसले आणि सवडीनं बघू म्हणून तो खणात टाकला.

मग तू अशी अचानक गेलीस. रविवारी पोलादपूरची मंडळी माझ्या लग्नाची तारीख काढायला येणार आहेत. तुझं काहीतरी चालू असलेलं घरात असावं असं वाटलं, म्हणून आज कॅमेरा काढला.

बॅटरी तपासली, ठीक. चार्जिंगची पिन ठीक. झाकण उघडलं तर आतली तांब्याची टोकं काळीकुट्ट! साध्या पाण्यानं हिरवा गंज चढतो. असा काळा रंग मी एकदाच पाहिलाय, सवच्या गरम पाण्याच्या कुंडापाशी राहणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये. तिथल्या गंधकाच्या वाफेनं तांबं, चांदी, सगळं काळवंडतं. धावत जाऊन तुझा छल्ला काढला. तोही काळा! आणि मला म्हणायचीस, "घासायला येळ कुठं हाय?"

सवला कशाला जात होतीस तू? आणि तेही मला चोरून?

शेजारच्या सुमनकाकूला गाठलं. आधी तिनं विषय बदलला. मग पदर डोळ्याला लावून म्हणाली, "पाठीवर कोड आलं व्हतं तिच्या. त्या पाण्यानं जातं म्हनून माझ्यासंगं यायची. पोरीचं ठरतंय, कुणाला कळलं तर मोडंल, म्हनायची. म्हनून तर शेवटची आंघोळ मी येकटीनं घातली. तुला भायेर ठेवलं."

त्या दिवशी दार वाजवून वाजवून रडले होते गं मी!

घरात आपण दोघीच. तरी मला पत्ता लागू दिला नाहीस? "पाठ चोळ गो जरा" म्हणायचं तू बंद केलंस. मला वाटलं, पोर कमावती झाली म्हणून काम सांगत नाहीस. मी मनातून खूशही झाले होते!

राग येतोय मला तुझा. कोड म्हणजे काय चोरी आहे? ज्या घरात तुझी पाठ लपवावी लागेल, त्या घरात मला पाठवायला निघाली होतीस?

टोकं खोडरबरानं घासली, स्पिरिटनं पुसली. कॅमेऱ्याचा दिवा लागला, आई. छल्ला मात्र मी घासलेला नाही.

रविवारी तो तसाच काळा कमरेला खोवून मी पाहुण्यांसमोर बसणार आहे. तारखेचं बोलणं निघायच्या आधी तुझ्या पाठीचं सांगेन, अगदी वचन. ऐकून उठले तर उठू देत. बसले, तर त्यांना चहा मी माझ्या हातानं देईन.

जिला तू पाठ चोळू दिली नाहीस, ती तुझी
शुभा