नबिलाच्या पेपरातली बाई

१२ जानेवारी, शुक्रवार
सून फिझा म्हणते, "अम्मी, तुम्ही दिवसभर कंटाळत असाल." कंटाळते? दापोलीच्या शाळेत एका नजरेत वर्ग गप्प करायचे मी. इथे आखातात, अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये गप्प करायलाच कोणी नाही! ती आणि माझा रिझवान ऑफिसला, नात नबिला कॉलेजात. दुपारभर एकटा फ्रिज घुरघुरतो.

संध्याकाळी नबिलाने एक जाड इंग्रजी कादंबरी माझ्या उशीवर टाकली. "दादी, हेल्प मी. आय हॅव अ पेपर." पेपर म्हणजे कॉलेजात लिहून द्यायचा निबंध. विषय – आजच्या अमेरिकन कादंबरीतल्या उपेक्षित स्त्रिया. माझं बी.ए. इंग्रजीतलंच, पण आमच्या वेळी सगळे साहेब इंग्लंडचे. चष्मा पुसून बसले.

१४ जानेवारी
ओपल नावाची म्हातारी. ओहायोची. हॉटेलच्या चादरी धुवून मुलगा वाढवला, आता त्याच्याच घरात मागच्या खोलीत राहते. सगळे तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलतात. बाई तोंड उघडत नाही! अशा बायकांचा मला राग येतो.

नबिला म्हणाली, "सायलेन्स इज ऑल्सो रेझिस्टन्स, दादी."

डोंबलाचा रेझिस्टन्स!

१७ जानेवारी
लिफ्टमध्ये एका बाईने सलाम केला. दिवसभरात तेवढंच बोलणं.

१९ जानेवारी, शुक्रवार
जेवताना रिझवान – "अम्मी, थोडे दिवस गावी राहून ये. हवापालट होईल."
"थोडे म्हणजे किती?"
"बघू ना. इन्शाल्ला."

नबिला भरलं ताट टाकून उठली. फिझाला म्हटलं, पोरीला ही कसली सवय! फिझा काही बोलली नाही. एरवी बोलते.

२१ जानेवारी
ओपलचा मुलगा तिला म्हणतो, चल, सुट्टीचं फिरून येऊ. गाडी थांबते ती वृद्धाश्रमाच्या दारात. पुस्तक आपटलंच मी! अगं बये, फिरायला जाताना एवढं सामान कशाला, हे तरी विचारायचंस.

नबिला दारात उभी होती. "सो शी शुड हॅव आस्क्ड?"
"अर्थात!"
"आस्क्ड हू?"
"ज्याने बॅग भरली त्याला. सगळ्यांसमोर."

तिने पेपरासाठी काही टिपून घेतलं नाही. आळशी!

२४ जानेवारी
फिझाने माझी मोठी बॅग काढली. सगळे कपडे, सगळी औषधं, भिंतीवरचा ह्यांचा फोटोसुद्धा. हवापालटाला फोटो?

सहा महिने बाहेर राहिलं की इथला व्हिसा रद्द होतो. इथल्या प्रत्येक म्हातारीला हे पाठ असतं. मलाही आहे. आणि तरी मी तिच्या शेजारी बसून घड्या घालून देत होते. गप्प.

ओपल, तुला नावं ठेवली मी.

२५ जानेवारी
विचारलं! नाश्त्याला, शाळेतल्या आवाजात. "रिझवान, माझं परतीचं तिकीट दाखव."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच – "अम्मी, आम्ही अजमानला जातोय, तिथे भाडं कमी. घर लहान आहे. नबिलासुद्धा हॉलमध्येच झोपणार. तुला कसं सांगायचं, तेच कळेना."
"तोंडाने सांगायचं."

नबिला डोळे पुसत माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. एरवी इंग्रजीशिवाय न बोलणारी पोर मराठीत म्हणाली, "हॉलमध्ये दोन गाद्या मावतात, पप्पा. मी मोजलंय."

मी म्हटलं, "दापोलीला जायचं की अजमानला, ते मी ठरवीन. खलास. बॅग उघडा आधी."

फोटो परत खिळ्यावर लावला. थोडा वाकडा लागलाय.

२६ जानेवारी
शेवटचं प्रकरण राहिलंय, म्हणून फिझाला विचारलं, पोरीला पेपर कधी द्यायचाय?

"तो? तो तर तिने डिसेंबरातच दिला, अम्मी."