ताटावरचा आडवा हात

आबा,

तुम्हाला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तुमच्या हयातीत आपण दोघे फारसे बोललो नाही. तुम्ही प्रश्न विचारत, मी उत्तर देत असे, आणि उत्तर बरोबर आले की संभाषण संपे. पारोळ्याजवळच्या आपल्या शाळेत तुम्हीच माझे गुरुजी होतात. घरातले वडील आणि वर्गातले गुरुजी ही दोन निराळी माणसे आहेत, हे मला फार उशिरा उमगले. तुमचा एक प्रश्न मात्र माझ्याकडून अनुत्तरित राहिला. आज त्याचे अर्धेमुर्धे उत्तर हाती आले आहे, म्हणून हे लिहिणे.

पचनसंस्थेचा धडा तुम्ही रंगीत खडूंनी शिकवला होता. मध्ये लहान आतड्याची वेटोळी आणि त्यांच्याभोवती, दाराच्या चौकटीसारखे, मोठे आतडे. मोठ्या आतड्याचे काम एकच, तुम्ही म्हणालात, उरल्यासुरल्या अन्नातले पाणी शोषून घेणे. आम्ही ते वाक्य पाठ केले. पुढे तुमच्याच मोठ्या आतड्याला जखमा झाल्या, त्या औषधांनी भरेनात, आणि धुळ्याच्या दवाखान्यात ते सबंध काढून टाकावे लागले. पोटावर पिशवी आली. खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही आईला म्हणालात, "घाबरू नको. ते फक्त पानी शोसे. आते पानी मीच जास्त पिसू." आई हसली नाही. मी हसले, कारण उत्तर पुस्तकाप्रमाणे बरोबर होते.

आपल्याकडे पंगतीत वाढणाऱ्याला तोंडाने 'पुरे' म्हणत नाहीत. ताटावर हात आडवा धरायचा, तोवर तो वाढतच राहतो. पूर्वी हिवाळ्यात शेतात वांग्याच्या भरताचा बेत असला की सर्वांत आधी हात आडवा व्हायचा तो तुमचा. शस्त्रक्रियेनंतर अंगात ताकद आली, तुम्ही पुन्हा शाळेत जाऊ लागलात, पण तो हात काही उठेना. भाकरीमागून भाकरी तुम्ही शांतपणे खात असा. मग पिशवी भरे, शरीरातले पाणी निघून जाई, आणि दुपारी वर्गात तुम्हाला खुर्चीचा आधार घ्यावा लागे. म्हणून आई तुमच्या शेजारी बसू लागली. वेळ झाली की ती स्वतःचा हात तुमच्या ताटावर आडवा धरी आणि हळूच म्हणे, "बस व्हयनं आते." तुम्ही लगेच थांबत असा. कोणीतरी सांगितले याचेच तुम्हाला हायसे वाटते आहे, असे तुमच्या चेहऱ्यावर दिसे.

पण पारोळ्याला एका लग्नात आई बायकांच्या पंगतीत होती. वरण-बट्टीचे जेवण. काका बट्ट्यांचे टोपले घेऊन तुमच्यापुढे पुन्हा पुन्हा येत होते आणि तुमचा हात आडवा होत नव्हता. शेवटी ते मोठ्याने म्हणाले, "मास्तर, बठ्ठं टोपलंच आठे लई येऊ का?" सगळे टोपलेच तुमच्यापुढे आणून ठेवण्याच्या या थट्टेवर सारी पंगत हसली. तुमच्या थोरल्या भगिनी अक्का मांडवाच्या कडेने ओरडल्या, "खाऊ द्या रे त्याले! दुखनामाईन उठेल शे तो!" तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "कव्हय थांबानं ते माले समजतच नही." त्यावर हसू आणखी वाढले. मी पाण्याचा जग घेऊन तिथेच उभी होते.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीबाहेर पाहत विचारलेत, "बेटा, मी हावरा व्हयनू का? तू हुशार शे. सांग बरं." शाळेत पहिली येणाऱ्या मुलीला ते उत्तर ठाऊक नव्हते. त्यानंतर तुम्ही कोणत्याच पंगतीला बसला नाहीत, आणि तो प्रश्न घेऊनच गेलात.

आबा, पाणी शोषणे हे मोठ्या आतड्याचे एकच काम नव्हे. निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्याच्या अस्तरात काही पेशी असतात. अन्नाचा न पचलेला अंश तिथवर पोहोचला की जिवाणू त्यापासून आम्ले तयार करतात. ती आम्ले लागली की त्या पेशी रक्तात संप्रेरके सोडतात, आणि ती मेंदूला सांगतात की आता पुरे. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातूनही हा निरोप जातो. मोठे आतडेच नसले तर तो किती क्षीण होतो, याचा शोध चालू आहे. तुमच्या बाबतीत तसेच घडले, असे मी लिहू शकत नाही. तुमचे रक्त तेव्हा कोणी तपासले नव्हते, आणि जे पाहिले नाही ते लिहू नये, हे तुम्हीच शिकवलेत. पण तुम्ही हावरे नव्हतात असे मला वाटते. तुम्हाला निरोप मिळत नसावा. तो आई देत होती.

आता जळगावात मी याच विषयाचा अभ्यास करते. एका प्रयोगासाठी निरोगी माणसे हवी होती, तेव्हा मी माझे नाव दिले. बारीक नळीने खालच्या मार्गाने द्रावण मोठ्या आतड्यात सोडायचे, हाताच्या शिरेतून रक्त घेत राहायचे आणि नंतर पोटभर जेवू घालायचे, असे त्याचे स्वरूप. मी लाजेने भिंतीकडे तोंड करून पडले होते. परिचारिका म्हणाली, "ताई, माझं रोजचं काम आहे हे. डोळे मिटा आणि घरचा विचार करा." मी केला. आत गेले ते आम्लांचे द्रावण होते की नुसते मिठाचे पाणी, हे मला सांगितलेले नाही.

नंतर वजन केलेली खिचडी समोर आली. काही वेळाने परिचारिकेने पुन्हा खिचडीने भरलेला डाव पुढे केला, आणि माझा हात आपोआप ताटावर आडवा झाला. अगदी आईसारखा, बोटे जुळलेली. 

या पत्रावर दिनांक घातलेला नाही; तो पाठवताना घालायचा असतो, आणि हे पाठवायचे कुठे? एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. हात आडवा धरल्यानंतर मी आणखी एक घास घेतला.

"भूक आहे का अजून?" परिचारिकेने विचारले.

"नाही. हा घास भुकेचा नाही, नोंदीत तसं लिहा."

"मग कशाचा लिहू?"

तो घास तुमच्या वाटचा होता, आबा. या वेळी उत्तर मला ठाऊक होते.