तिसरं गृहीतक

६ जानेवारी
नेहाचा मेल. इथल्याच ओवे गावची पोर, माझी जुनी विद्यार्थिनी, आता दिल्लीत पीएच.डी. करते. शुक्रवारच्या ऑनलाइन सेमिनारात तिचा पेपर आहे आणि त्यावर पहिलं बोलायला तिने माझं नाव सुचवलंय. 'ही गणितं तुम्हीच शिकवलीत, सर.' शिकवली खरी. ती दिल्लीला गेली, मी पनवेलमध्येच कुजलो. संयोजक बाई परदेशातल्या. पेपर आवडला तर ने.ची फेलोशिपसाठी शिफारस करणार.

७ जाने.
पेपर वाचला. आमदार पक्ष कधी बदलतो, याचं मॉडेल. चांगलं आहे. फारच चांगलं आहे, तेच खुपतं. दुपारी भोक सापडलं. उडी मारणं आमदाराला फुकट पडत असेल, तर तिचं मुख्य सूत्रच कोसळतं. सौ. म्हणाली, आधी फोन करून सांगा ना तिला. म्हटलं, मग सेमिनार कशाला?

९ जाने.
झालं! आधी पोटभर कौतुक केलं, मग फुकट उडीचं उदाहरण पडद्यावर टाकलं. पेंगणारे चेहरे एकदम जागे. ने. कागदात बघत राहिली. मग म्हणाली, "सर म्हणतात ते बरोबर आहे. मी पेपर मागे घेते." चॅटमध्ये मला टाळ्या. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. थोडी झुंजली असती तर आणखी मजा आली असती.

११ जाने.
पेपर पुन्हा काढला, उगाच, चवीने. पान चार, तिसरं गृहीतक: पक्ष बदलण्याची किंमत कधीच शून्य नसते. म्हणजे माझं उदाहरण तिच्या मॉडेलला लागूच नाही. ती बरोबर होती. मी गाढव.
फोन केला. पान चार बघितलंस का, विचारलं.
"हो सर. तेव्हाच लक्षात आलं होतं."
मग बोलली का नाहीस?
"सगळ्यांसमोर तुम्हाला कसं सांगणार, सर?"
डोकंच फिरलं. माझी कीव करते! म्हटलं, तरी मांडणी कच्चीच आहे तुझी. "हो सर," म्हणाली.

१३ जाने.
बाईंचा मेल. शिफारशी उद्या जायच्यात. विचारतायत, पेपर खरंच वाचवण्यापलीकडे आहे का?

संध्याकाळी ने.चे वडील आले, पिशवीत कोलंबी घेऊन. "सर, तुमी चूक दाखवली, बरा झाला. नायतर पोरीचा जगात हसा झाला असता. आता शिकनार नाय म्हनते. तुमीच सांगा तिला काय ते." बघतो म्हटलं. पिशवी ठेवून घेतली.

बाईंना एक ओळ पुरे. पण ती लिहिली की त्या सगळ्या चेहऱ्यांना कळणार, पनवेलच्या सरांनी पान चार वाचलंच नव्हतं. मेल उघडून बसलोय. 'प्रिय मॅडम' एवढंच झालंय.
सौ. जेवायला हाक मारतेय. कोलंबी झाली.